तोंडाच्या आणि दातांच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घेताना: नोंदणी तपासण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

डेंटल कॉलेजच्या ओपीडीत माणूस खुर्चीवर आडवा असतो, तोंडात आरसा असतो आणि तेवढ्यात डॉक्टर विचारतात, "आमचा एक स्टडी चालू आहे, त्यात याल का?" बोलता येत नाही म्हणून मान हलते, आणि थोड्या वेळाने कागदावर सही होते. दातांच्या, हिरड्यांच्या, जबड्याच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये, म्हणजे उपचार रुग्णांवर वापरून पाहणाऱ्या संशोधनात (क्लिनिकल ट्रायलमध्ये), लोक असेच दाखल होतात. यातल्या बहुतेक चाचण्यांत जिवाला धोका नसतो. नुकसान होतं ते घाईने केलेल्या सहीमुळे आणि मध्येच सोडलेल्या तपासण्यांमुळे. ते रुग्णाचंही होतं आणि संशोधनाचंही. म्हणून हा लेख रुग्णासाठी आणि त्याच्यासोबत येणाऱ्या नातेवाइकासाठी लिहिला आहे.

उपचार आणि ट्रायल यांत फरक काय

नेहमीच्या उपचारात डॉक्टर तुमच्याकडे पाहून ठरवतात. ट्रायलमध्ये तुम्हाला कोणता उपचार मिळणार हे बहुधा आधीच तयार केलेल्या यादीवरून ठरतं. ही यादी संगणकाने किंवा यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून बनवलेली असते आणि बंद पाकिटांत ठेवलेली असते. पाकीट उघडेपर्यंत डॉक्टरांनाही तुमचा गट माहीत नसतो. हे मुद्दाम केलेलं असतं. डॉक्टरांना गट निवडायची मुभा दिली, तर बरे दिसणारे रुग्ण नकळत नव्या उपचाराकडे जातात आणि निकाल फसवा निघतो.

अशा वाटणीने किती मोठा प्रश्न सुटतो याचं उदाहरण मुंबईतच आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठींची शस्त्रक्रिया लगेच करायची की गाठ दिसेपर्यंत थांबायचं, यावर जगभरच्या सर्जनांत अनेक वर्षं मतभेद होते. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने रुग्णांची दोन गटांत वाटणी करून याचा छडा लावला. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. मानेची शस्त्रक्रिया लगेच केलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. वाद मिटला आणि पुढच्या रुग्णांचे उपचार बदलले. पण त्या चाचणीत सामील होताना कोणता गट फायद्याचा ठरेल हे कोणालाच माहीत नव्हतं, ही गोष्टही तेवढीच लक्षात ठेवायची. 'मला नवा उपचार मिळणार' एवढ्याच आशेने सही करत असाल, तर आधी थांबा. दोन्हींपैकी कोणत्याही गटात गेलो तरी चालेल, असं मनापासून वाटत असेल तरच पुढे जा.

आधी ओळखा: चाचणी कोणाची आहे

दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत. पहिला प्रकार कंपनीच्या चाचण्यांचा. नवं औषध बाजारात आणण्यासाठी त्या होतात. त्यांना दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते आणि २०१९ च्या 'नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमां'नुसार त्या चालतात. इम्प्लांट, हाडाची भुकटी यांसारखी उपकरणं आणि साहित्य असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात.

दुसरा प्रकार शैक्षणिक चाचण्यांचा. महाराष्ट्रातल्या डेंटल कॉलेजांत हाच प्रकार जास्त भेटतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, खासगी कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी रुग्ण लागतात. औषध आधीच मान्यता मिळालेलं असेल आणि निकाल विक्रीच्या परवान्यासाठी वापरायचा नसेल, तर अशा चाचणीला औषध नियंत्रकांची परवानगी लागत नाही. संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने संशोधन तपासणाऱ्या समितीची, मात्र लागतेच.

एमडीएस तीन वर्षांचं असतं, हेही हिशेबात धरा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तुम्हाला दोन वर्षांच्या चाचणीत घेतलं, तर शेवटच्या तपासण्या कोण करणार? मार्गदर्शक प्राध्यापकांचं नाव आणि फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. विद्यार्थी गेला तरी ते तिथे असतात.

नोंदणी तपासा

भारतातल्या चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया', म्हणजे सीटीआरआय, या सरकारी संकेतस्थळावर होते. ती २००७ मध्ये सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी झालेली असेल तरच ती स्वीकारली जाते. पाहायला पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही.

डॉक्टरांना सरळ विचारा, "सीटीआरआय नंबर काय?" नंबरात आधी सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना आणि मग क्रमांक असतो. तो शोधाच्या चौकटीत टाकला की चाचणीचं पान उघडतं. पान लांब आणि इंग्रजीत असतं. सगळं वाचायची गरज नाही, पण पुढच्या जागा नक्की पाहा.

रुग्ण घेणं चालू आहे का, ते 'रिक्रूटमेंट स्टेटस'मध्ये दिसतं. तिथे बंद किंवा पूर्ण लिहिलेलं असताना तुम्हाला बोलावत असतील, तर खुलासा मागा. नुसतं पान अद्ययावत करायचं राहून गेलं असेल, तसंही होतं. 'साइट्स ऑफ स्टडी'त तुम्ही ज्या कॉलेजात बसला आहात त्याचं नाव हवं. एथिक्स कमिटीच्या रकान्यात 'अप्रूव्हड' हवं. 'पोस्ट ग्रॅज्युएट थिसिस'समोर हो की नाही ते बघा. पैसा कुठून येतो तेही लिहिलेलं असतं. टूथपेस्टची चाचणी त्याच टूथपेस्टच्या कंपनीच्या पैशावर चालू असेल तर त्यात बेकायदेशीर काही नाही, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'प्रायमरी आउटकम'. चाचणी नेमकं काय मोजणार आणि किती दिवसांनी, ते इथे कळतं. तिथे 'तोंड उघडण्याचं माप, मिलिमीटरमध्ये, तीन महिन्यांनी' असं लिहिलं असेल, तर प्रश्न नेमका आहे. 'रुग्णात सुधारणा' एवढंच मोघम लिहिलेलं असेल, तर या चाचणीत वेळ द्यावा का, याचा फेरविचार करा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना हेच काम क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह या सरकारी नोंदणीत करता येतं. तिथे दात आणि चेहऱ्याच्या संशोधनासाठी एनआयडीसीआर ही वेगळी राष्ट्रीय संस्था आहे आणि आपल्याकडच्या एथिक्स कमिटीचं काम आयआरबी करतं.

नंबरच नाही, किंवा "खासगी क्लिनिकमध्ये नव्या लेझरचा स्टडी आहे, सवलतीत करून देतो" असं कोणी म्हणालं, तर त्याला ट्रायल समजू नका. ती जाहिरात आहे. ट्रायलमध्ये चाचणीच्या औषधासाठी आणि चाचणीसाठीच्या जादा तपासण्यांसाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

माहितीपत्रक घरी न्या

संमतीचे दोन भाग असतात: रुग्ण माहितीपत्रक आणि संमतीपत्र. दोन्ही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजेत. मराठी प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला निष्पक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर असला पाहिजे. शेवटी बोलावून नुसती सही घेतलेला वॉर्डबॉय साक्षीदार ठरत नाही. सही झाली की दोन्हींची एक प्रत तुमच्याकडे आली पाहिजे.

सही त्याच दिवशी करायची घाई नसते. दात दुखत असताना तर नकोच. "आधी दुखणं थांबवा, कागद घरी नेतो, उद्या सांगतो" असं म्हणायला अजिबात संकोच करू नका. नाही म्हटलं तरी तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. होकार देऊन मध्येच बाहेर पडलात तरीही थांबवता येत नाही, आणि कारणही द्यावं लागत नाही.

वाचताना या प्रश्नांची उत्तरं पेनने अधोरेखित करा. उत्तर सापडलं नाही तर विचारा.

दुसऱ्या गटाला काय मिळणार? नुसती साखरेची गोळी, नेहमीचं औषध, की काहीच नाही? हिरड्यांच्या चाचणीत दोन्ही गटांचं स्केलिंग (दातांवरचा साचलेला थर खरवडून काढणं) होऊन वर एका गटाला जेल मिळत असेल, तर कोणाचंच फार बिघडत नाही. दुखणाऱ्या दाताला एका गटात औषधच नसेल, तर दुखणं वाढल्यावर घ्यायची गोळी कोणती आणि ती कोण देणार, ते लिहिलेलं हवं.

परत न फिरवता येणारं काय आहे? माउथवॉश उद्या थांबवता येतो. काढलेला दात, घासून लहान केलेला दात, जबड्यात बसवलेला स्क्रू यांचं तसं नसतं. अशा चाचणीत दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

चाचणी जिथे संपते तिथून पुढचा खर्च कोणाचा? दातांच्या चाचण्यांत सगळ्यात जास्त वाद इथे होतात. रूट कॅनाल मोफत होतं, पण त्यावरची कॅप चाचणीत धरलेली नसते. मग कॅपविना ठेवलेली दाढ वर्षभरात चिरते आणि रूट कॅनालही वाया जातं. इम्प्लांटचंही तेच. हाडातला स्क्रू मोफत, वरचा दात स्वतःच्या खर्चाने. दोन वर्षांनी इम्प्लांट हलायला लागलं तर ते काढायचे, हाड भरायचे पैसे कोण देणार? तोंडी आश्वासन उपयोगाचं नाही. माहितीपत्रकात एक ओळ हवी.

एक्स-रे किती काढणार? साधे लहान एक्स-रे आणि ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) यांपेक्षा सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय, स्कॅनमध्ये किरणांची मात्रा बहुधा जास्त असते. चाचणीसाठी म्हणून सीबीसीटी दोन-तीनदा काढणार असतील तर कशासाठी ते विचारा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधीच सांगा.

फोटोंचं काय? ओठ, जबडा, दुभंगलेली टाळू यांच्या चाचण्यांत चेहऱ्याचे फोटो काढतात. डोळ्यांवर काळी पट्टी लावली तरी गावातला माणूस चेहरा ओळखतो. फोटो छापायला, परिषदेत दाखवायला वेगळी परवानगी असते. त्या ओळीपुढे नाही लिहून बाकी चाचणीला हो म्हणता येतं. लाळेचा, रक्ताचा किंवा बायोप्सीचा नमुना पुढच्या संशोधनासाठी साठवणार असतील तर तेही वेगळं विचारलं गेलं पाहिजे.

किती फेऱ्या, आणि प्रवासखर्च मिळणार का? जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली रोजंदारी देता येते. रक्कम एथिक्स कमिटी मंजूर करते. वर्ध्याहून नागपूरला सहा फेऱ्या मारायच्या असतील तर सुरुवातीलाच स्पष्ट बोलून घ्या, कारण पैशाअभावी चौथ्या फेरीला न जाणं दोघांच्याही तोट्याचं आहे.

कंपनीच्या चाचणीच्या संमतीपत्रात तुमचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलेलं असतं. यात संशय घेण्यासारखं काही नाही. भरपाईची वेळ आली तर तीच माहिती लागते. जागा रिकामी सोडू नका आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

निवड होण्याआधीची तपासणी: काही लपवू नका

घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. नाव सांगण्यापेक्षा स्ट्रिप दाखवलेली बरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, दात काढण्याच्या चाचणीत थेट महत्त्वाच्या. पण त्या स्वतःहून बंद करू नका. तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. हाडं ठिसूळ झाली म्हणून किंवा कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक ॲसिडसारखं इंजेक्शन कधीही घेतलेलं असेल तर ते जरूर सांगा. वर्षातून एकदाच घेतात म्हणून लोक विसरतात, आणि दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा रिपोर्ट न्या. हिरड्यांची जखम भरण्याचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं होतं का, स्केलिंग केलं होतं का, हे हिरड्यांच्या चाचण्यांत हमखास विचारतात. दोन्हींमुळे सूज आधीच उतरलेली असते आणि मग नव्या जेलचा परिणाम कळत नाही. अपात्र ठरलात तर वाईट वाटून घेऊ नका, आणि पात्र व्हायला म्हणून उत्तर बदलू नका. पात्रतेच्या अटींतल्या बऱ्याच तुमच्याच सुरक्षेसाठी असतात.

एक चाचणी जवळून: तोंड उघडत नाही तेव्हा

खर्रा, मावा, गुटखा, सुपारी यांमुळे तोंडाची आतली कातडी कडक होत जाते, तिखट झोंबतं, तोंड आखडतं. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि खर्रा चालूच आहे. या आजारावरच्या औषधांच्या चाचण्या आपल्या डेंटल कॉलेजांत नेहमी होत असतात: लायकोपीनच्या गोळ्या, हळदीतलं कर्क्युमिन, गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं, तोंडाचे व्यायाम.

मोजमाप असं होतं. डॉक्टर शक्य तितकं तोंड उघडायला सांगतात आणि वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंत व्हर्नियर कॅलिपरने अंतर मोजतात. निरोगी मोठ्या माणसात ते साधारण ३५ ते ५० मिलिमीटर असतं. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. औषधाने होणारी सुधारणा पुष्कळदा चार-पाच मिलिमीटरचीच असते, त्यामुळे मोजताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर निकालच पुसला जातो. दर वेळी तेच दात, तीच व्यक्ती, तीन मापांची सरासरी, असं व्हायला हवं. मध्यंतरी पुढचा दात तुटला किंवा त्यावर कॅप बसवली तर लगेच सांगा. नाहीतर दोन मिलिमीटरची 'सुधारणा' कागदावर आपोआप येते. पहिल्या दिवशी लाजून कमी आणि शेवटच्या दिवशी डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून जबडा ताणून जास्त उघडलंत, तरी तोच घोटाळा होतो. दर वेळी सारखाच जोर लावा.

जळजळ मोजायला दहा सेंटिमीटरची रेघ देतात. एका टोकाला 'अजिबात नाही', दुसऱ्याला 'सहनच होत नाही'. त्यावर तुम्ही खूण करायची. डॉक्टर किंवा नातेवाइकाने करायची नाही. मागच्या वेळची खूण बघून नवी करू नका. त्या दिवशी जसं वाटतं तसं.

दोन्ही गटांना सुपारी सोडायला सांगतात, आणि इथेच चाचणीचा सगळा डोलारा उभा असतो. सुपारी सोडल्यानेच जळजळ बरीच उतरते. म्हणून तर दुसरा गट लागतो: सुधारणा गोळीची की सोडल्याची, हे त्याशिवाय कळत नाही. चाचणीत असताना पुन्हा खर्रा सुरू झाला तर सांगा. ओरडा बसेल या भीतीने लपवलंत, तर औषध निकामी म्हणून नोंदलं जाईल किंवा वाढीव डोस लिहिला जाईल. खरं सांगितल्यामुळे डॉक्टर तुम्हाला हाकलत नाहीत. नोंद करतात आणि सोडायला मदत करतात.

व्यायामात आइसक्रीमच्या लाकडी काड्या दाढांमध्ये ठेवून एकेक वाढवायला सांगतात. ज्या गटाला व्यायाम दिलेला नाही त्यातल्या माणसाने ओपीडीत बाकावर बसून दुसऱ्याचं बघून तोच व्यायाम घरी सुरू केला, तर दोन्ही गट सारखेच होतात. करायचाच असेल तर सांगून करा. व्यायामाला तुमच्या फायद्यासाठी कोणी मनाई करणार नाही, पण नोंद हवी.

आणखी एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखी. तीन महिन्यांची चाचणी मिलिमीटर मोजते, कॅन्सरचा धोका मोजत नाही. केरळात १७ वर्षं पाठपुरावा केलेल्या या आजाराच्या रुग्णांपैकी ७.६ टक्के जणांना कॅन्सर झाल्याचं १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. चाचणी संपून तोंड पाच मिलिमीटर जास्त उघडलं, तरी हा धोका संपलेला नसतो.

घरी करायची कामं

अक्कलदाढ काढल्यावरच्या वेदनाशामकांच्या आणि भुलीच्या चाचण्यांत दुखण्याची डायरी देतात. ठरलेल्या वेळी ठरलेली नोंद करा. आठवडाभराची डायरी शेवटच्या संध्याकाळी एकाच पेनने भरली की अनुभवी नजरेला ते लगेच कळतं, आणि आठवणीतलं दुखणं खऱ्या दुखण्यासारखं नसतं. जादा गोळी घेतलीत तर वेळेसकट लिहा. गालाची सूज मोजायला डॉक्टर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोरा किंवा टेप धरतात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. सूज उतरली म्हणून तिसऱ्या दिवशी गेलाच नाहीत, तर ती मोजणी पुन्हा कधीच होत नाही.

उरलेल्या गोळ्या, जेलची नळी, माउथवॉशची बाटली परत न्यायची. किती वापरलं ते त्यावरून मोजतात. शेजाऱ्याला देऊ नका, टाकूनही देऊ नका. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव काही दिवस बदलते. हे अपेक्षित आहे आणि डाग साफ करून घेता येतात. साफ कोण करून देणार, तेही विचारून ठेवा.

काही चाचण्यांत तोंडाच्या एका बाजूला एक उपचार आणि दुसऱ्या बाजूला दुसरा करतात. हिरडीखाली भरायच्या औषधाला ही पद्धत चालते. माउथवॉशला चालत नाही, कारण तो सगळीकडे पसरतो. अशा चाचणीत एका बाजूनेच चावण्याची सवय असेल तर ती सांगा.

लहान मुलं

मुलासाठी आई-वडिलांची सही लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो. मूल रडून नको म्हणत असेल तर त्याला मान द्या.

किडीवर लावायच्या ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडची चाचणी असेल तर एक गोष्ट आधी फोटोत पाहून घ्या. किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दुधाच्या दाढेला ते चालून जातं, पुढच्या दाताला पालकांना नंतर पश्चात्ताप होतो. ड्रिल मात्र लागत नाही.

दुभंगलेल्या टाळूच्या चाचण्यांना धीर लागतो. टाळूची शस्त्रक्रिया ६ व्या महिन्यात करावी की १२ व्या, यावर युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या २३ केंद्रांनी ५५८ बाळांवर चाचणी केली. निकाल २०२३ मध्ये आला. बोलताना हवा नाकातून निसटण्याचा दोष ६ व्या महिन्याच्या गटात ८.९ टक्के मुलांत, १२ व्या महिन्याच्या गटात १५ टक्के मुलांत होता. हे मोजायला मुलं पाच वर्षांची व्हावी लागली. अशा चाचणीत बाळाचं नाव घालताना पाच वर्षांनी तुमचा फोन आणि पत्ता त्यांच्याकडे असेल, याची सोय करा.

काही बिघडलं तर

संमतीपत्रावरच्या नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाताना तो दाखवा. दात काढल्यावर दोन-तीन दिवसांनी दुखणं वाढलं आणि तोंडाला घाण वास आला तर बहुधा खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलेली असते. फोन करून त्याच दिवशी जा. गिळता येत नाही, श्वास अडतो, जिभेखाली सूज चढते, अंगभर पुरळ आणि चेहरा सुजणं, यांपैकी काही झालं तर चाचणीच्या डॉक्टरांची वाट न पाहता जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. औषध कोणतं होतं हे गुप्त असलं, तरी अशा वेळी कोड उघडून सांगता येतो. तशी व्यवस्था असतेच, फक्त तिथल्या डॉक्टरांना मागावी लागते.

कंपनीच्या चाचणीत दुखापत झाली तर मोफत उपचार मिळतात. ते गरज असेपर्यंत, किंवा दुखापतीचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत चालू राहतात. मृत्यू, अपंगत्व, हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागणं यांसारखी गंभीर घटना संशोधकाने २४ तासांत कळवायची असते. कंपनी आणि संशोधक यांनी १४ दिवसांत तपशील, एथिक्स कमिटीने ३० दिवसांत मत आणि केंद्रीय औषध नियंत्रकांनी ९० दिवसांत आदेश द्यायचा असतो. आदेशानंतर ३० दिवसांत पैसे. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास रकमेचं सूत्र ठरलेलं आहे: ८ लाख गुणिले वयाचा घटक गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. जोखमीचा घटक निरोगी माणसाला ४, आजार जितका गंभीर तितका कमी, अगदी ०.५ पर्यंत. ६५ वर्षांच्या निरोगी माणसासाठी याची रक्कम ३२ लाख होते. भरपाई फक्त औषधाच्या दुष्परिणामापुरती नाही. चाचणीसाठी केलेल्या प्रक्रियेने किंवा संशोधकाच्या निष्काळजीपणाने झालेली इजाही त्यात येते.

शैक्षणिक चाचणीत आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार इजेवरचे उपचार आणि भरपाई यांची सोय संस्थेने करायची असते. ती नेमकी कशी केली आहे, हे सही करण्याआधी विचारायचं.

तक्रार असेल तर आधी एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांकडे जा. त्यांचा नंबर संमतीपत्रावर असतो. नियमांनुसार कमिटीत किमान सात जण असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, त्यात एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. कंपनीची चाचणी असेल आणि इथे दाद लागली नाही तर केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या मुंबईतल्या पश्चिम विभाग कार्यालयात जाता येतं.

शेवटची तपासणी आणि पुढे

बरं वाटलं म्हणून शेवटच्या फेरीला न जाणारे खूप असतात, आणि काहीच फरक नाही म्हणून न जाणारेही. दोन्ही प्रकारची माणसं मोजणीत नसतील तर औषध आहे त्यापेक्षा चांगलं किंवा वाईट दिसतं. औषध बंद केलं असेल तरीही शेवटच्या मापाला जा. "उपचार नको, पण तपासणीला येईन" असं म्हणता येतं.

निघताना केसपेपरवर लिहून घ्या: चाचणीचं नाव, सीटीआरआय नंबर, तारखा, तोंडात काय बसवलं किंवा भरलं त्याचं नाव आणि आकार. इम्प्लांट असेल तर पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला त्यावर दात बदलायचा असेल तर त्या स्टिकरवरच्या कंपनी-मापाशिवाय योग्य स्क्रू मिळत नाही. तुम्ही कोणत्या गटात होता, हे कोड उघडल्यावर कळवा असं सांगून पत्ता द्या. पुढे चार-सहा महिन्यांनी सीटीआरआयच्या त्याच पानावर प्रकाशनाचा रकाना पाहत राहा.

सबम्यूकस फायब्रोसिसचे रुग्ण असाल तर चाचणी संपली त्याच दिवशी सहा महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख ओपीडीतून घ्या. मधल्या काळात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा मानेत गाठ दिसली, तर तारखेची वाट न बघता जा.